गिरणी कामगारांचा इतिहास शिकायचाय? सुरुवात घरातल्या पत्र्याच्या ट्रंकेपासून करा

माझे बाबा गिरणीत रिंग खात्यात (सूत काततात तिथे) होते आणि आजोबा त्याच गिरणीत साचेखात्यात (कापड विणतात तिथे), म्हणजे घरात दोन पिढ्या गिरणीच्या. तरी पस्तिशी उलटेपर्यंत मला काय माहीत होतं तर दत्ता सामंत, संप, आणि मग सगळं संपलं. एवढंच. नंतर नीट समजून घ्यायचं ठरवलं तेव्हा मी सरळ ८२ च्या संपावर मिळेल ते वाचत सुटले. सहा महिने वाचलं आणि डोक्यात नुसता गुंता झाला, कारण युनियनची नावं एकमेकांत मिसळायची, कायद्याचं कायतरी सारखं यायचं ते कळायचं नाही, आणि या सगळ्यात माझे बाबा नेमके कुठे होते तेही सापडेना.

मग एकदा ट्रंक आवरताना बाबांची कागदांची पिशवी हाताला लागली आणि तिथून खरं शिकणं सुरू झालं. तुम्हाला तेवढे महिने घालवायला लागू नयेत म्हणून हे लिहितेय. मी मुंबईच्या गिरणगावाबद्दल लिहिलंय कारण मला तेच माहीत आहे. पण तुमचं घर सोलापूरच्या, नागपूरच्या एम्प्रेस मिलच्या नाहीतर अमळनेरच्या गिरणीशी जोडलेलं असेल तरी रस्ता हाच आहे, फक्त नावं बदला. घरात कोणी गिरणीत नव्हतं त्यांनी पायरी २ पासून सुरू करा, चालतं.

काय काय लागेल

- एक जाड वही (मोबाइलच्या नोट्सवर भागत नाही, कारण म्हातारी माणसं बोलता बोलता वहीत नकाशा काढून दाखवतात)
- रेकॉर्डिंग होईल असा फोन, त्यात भरपूर जागा रिकामी
- पारदर्शक प्लास्टिकचे फोल्डर
- आधार कार्ड किंवा दुसरं ओळखपत्र आणि दोन पासपोर्ट फोटो, लायब्ररीसाठी
- मुंबईचा जुना नकाशा, रस्त्यांची जुनी नावं असलेला
- आणि निवांत रविवार, निदान सात-आठ

१. घरातले कागद काढा

ज्यांनी म्हाडाच्या गिरणी कामगार घरांसाठी फॉर्म भरला होता त्यांच्या घरी एक झेरॉक्सची फाइल असतेच. १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर होतो हे सिद्ध करायला लोकांनी जुने कागद शोधून शोधून काढले होते. लॉटरी लागली नाही म्हणून ती फाइल माळ्यावर गेली, पण तुमच्यासाठी ती सोन्याची खाण आहे. त्यात बघा: गिरणीचं ओळखपत्र, तिकीट नंबर, पगाराची पावती, हजेरी कार्ड, ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड, पीएफची स्लिप, युनियनच्या वर्गणीच्या पावत्या, व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) घेतली असेल तर त्याचं पत्र.

प्रत्येक कागदाला प्रश्न विचारायचे. खातं कुठलं? कामाला लागल्याची तारीख कुठली आणि कायम झाल्याची कुठली? माझ्या बाबांच्या कागदात या दोन तारखांत नऊ वर्षांचं अंतर निघालं. नऊ वर्षं ते बदली होते, म्हणजे रोज गेटवर जायचं, कोणी गैरहजर असेल तर काम, नाहीतर घरी. मला हे कधी कोणी सांगितलं नव्हतं. ८२ च्या संपात बदलींना कायम करा ही मागणी होती हे मी दहा वेळा वाचलं होतं, पण ती मागणी काय चीज आहे ते त्या दोन तारखा शेजारी शेजारी बघितल्यावर कळलं.

वर्गणीच्या पावत्या तर मुद्दाम बघाच. कुठल्या वर्षी कुठल्या युनियनची पावती आहे ते वहीत ओळीने लिहा. एकाच माणसाकडे दोन युनियनच्या पावत्या निघतात, तेव्हा गोंधळू नका, कारण पायरी २ मध्ये येतंय.

इथे लोक चुकतात ते असं: जुना कागद फाटतोय म्हणून लॅमिनेशन करून आणतात. कृपा करून करू नका. एकदा चिकटला की तो परत निघत नाही. फोल्डरमध्ये ठेवा आणि दोन्ही बाजूंचे फोटो काढा, मागच्या बाजूला पेनाने लिहिलेलं बरंच असतं. दुसरं म्हणजे नाव. एका कागदावर आडनाव, दुसऱ्यावर नुसतं बापाचं नाव, तिसऱ्यावर कारकुनाने ऐकलं तसं लिहिलेलं. सगळी रूपं टिपून ठेवा, पुढे यादीत शोधताना लागतात.

२. एका पानावर तारखा मांडा

पुस्तकं उघडायच्या आधी वहीच्या एका पानावर मोजक्या तारखा लिहा. जास्त नको. त्यांच्या खाली आपल्या घरातल्या तारखा वेगळ्या शाईने लिहा, कोण कधी मुंबईला आलं, कधी लागलं, कधी सुटलं.

सुरुवात १८५४, कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत पहिली कापड गिरणी काढायला कंपनी उभी केली, ताडदेवला, दोन वर्षांनी ती चालू झाली. मग १८८४, नारायण मेघाजी लोखंडे. जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक सहकारी, 'दीनबंधु' पत्र चालवणारे, स्वतः गिरणीत नोकरी केलेले. त्यांनी परळला कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचं निवेदन दिलं. मागण्या काय होत्या वाचा: आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास जेवायला, सूर्योदय ते सूर्यास्त राबायचं त्याला काहीतरी हद्द, पगार वेळेवर, कामात हात-पाय गेला तर भरपाई. रविवारची सुट्टी मिळाली १० जून १८९० ला. आज आपण रविवारी उशिरा उठतो त्या सवयीला तारीख आहे हे मला कळलं तेव्हा मी ती तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवली, दरवर्षी लिहिते.

१९०८ ला टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवलं. १९२० ला मुंबईत आयटक, म्हणजे देशभरच्या कामगार युनियनांचा महासंघ, स्थापन झाली, पहिले अध्यक्ष लाला लजपतराय.

१९२८ वर मात्र थांबा, घाईने पुढे जाऊ नका. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत जवळजवळ सहा महिने मुंबईच्या गिरण्या बंद होत्या. मालकांना कमी माणसांत जास्त साचे चालवून घ्यायचे होते आणि मजुरीला कात्री लावायची होती. याच संपात गिरणी कामगार युनियन, म्हणजे लाल बावटा, उभी राहिली. डांगे, निंबकर, मिरजकर, जोगळेकर ही कम्युनिस्ट पुढाऱ्यांची नावं इथे भेटतात, आणि आळवे, कासले हे खुद्द गिरणीतून आलेले पुढारीही, त्यांची नावं विसरू नका. पण त्याच वेळचा दुसरा धडा पण शिका. साचेखात्यात पगार चांगला होता आणि तिथे अस्पृश्य कामगारांना घेत नव्हते. कारण काय द्यायचे तर धोट्यातलं (शटलमधलं) सूत तोंडाने ओढून काढायला लागतं, मग विटाळ होतो. डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर उघड मांडला. माझे आजोबा साचेखात्यात होते हे मी वर लिहिलंय. त्यांना तिथे जागा मिळाली त्यात जातीचा वाटा होता, हे वहीत लिहायला मला जड गेलं, पण लिहिलं. तुमच्याही घरात कोण कुठल्या खात्यात होतं ते बघा, आणि का होतं तेही विचारा.

दहा वर्षांनी, ७ नोव्हेंबर १९३८ ला, संपावर बंधनं घालणाऱ्या कायद्याविरुद्ध आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप केला. या दोन गोष्टी शेजारी ठेवून वाचा, एकच वाचली तर चित्र अर्धं राहतं.

आता १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा, सगळे बीआयआर ॲक्ट म्हणतात. मला ८२ कळत नव्हतं ते हे माहीत नसल्यामुळे. या कायद्यात एका भागातल्या एका धंद्यासाठी एकच प्रातिनिधिक युनियन मान्यता घेते आणि मालकांशी बोलणी फक्त तिनेच करायची. मुंबईच्या कापड गिरण्यांत ही मान्यता राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होती, इंटकवाले, म्हणजे काँग्रेसच्या बाजूचे. म्हणजे कामगारांचं मन दुसऱ्या युनियनकडे असलं तरी करारावर सही संघाचीच. दोन-दोन पावत्या निघतात त्या यामुळे, एक मान्यतेची आणि एक मनातली.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या पुढारपणाखाली बेमुदत संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार. पगारवाढ, बोनस, बदली कायम करणं या मागण्या होत्याच, पण सोबत हा कायदा आणि संघाची मान्यता जाऊ दे हीसुद्धा मागणी होती. सरकार का हललं नाही याचं उत्तर बऱ्यापैकी त्या शेवटच्या मागणीत आहे असं माझं मत आहे. हा संप रीतसर मागे घेतला असं कधी झालंच नाही. १९८३ ला सरकारने १३ गिरण्या ताब्यात घेतल्या. १९९७ च्या १६ जानेवारीला सामंतांचा खून झाला. पुढचा काळ जमिनीचा: १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतला नियम ५८, गिरणीची मोकळी होणारी जमीन पालिका, म्हाडा आणि मालक यांच्यात वाटायची, मग २००१ ला त्यात केलेला बदल, ज्याने वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली, आणि २००६ ला सुप्रीम कोर्टाने त्यावर मारलेला शिक्का.

एक साधी चूक जी मी केली: ना. मे. लोखंडे आणि ना. म. जोशी हे दोन वेगळे. लोखंडे एकोणिसाव्या शतकातले, १८९७ ला गेले. नारायण मल्हार जोशी नंतरचे, १९११ ला सोशल सर्व्हिस लीग काढली, आयटकच्या स्थापनेत होते. डिलाईल रोडला नाव आहे ते जोशींचं.

३. गिरणीची भाषा शिका

हे टाळू नका. शब्द माहीत नसले की समोरचा माणूस तुम्हाला बाहेरचं समजून वरवरचं सांगतो. खातं म्हणजे डिपार्टमेंट. कापूस ब्लोरूममध्ये फुटतो, कार्डिंगमध्ये विंचरला जातो, रिंगमध्ये सूत होतं, वाईंडिंगला कांड्या भरतात, साईझिंगला खळ बसते, मग साच्यावर कापड. वाईंडिंगला बायका जास्त. साचा म्हणजे लूम, चाती म्हणजे स्पिंडल. जॉबर किंवा मुकादम म्हणजे नुसता वरचा माणूस नाही, पूर्वी माणसं भरतीपण तोच करायचा, गावाकडून आणायचा, उसने पैसे द्यायचा, त्यामुळे त्याचा वचक घरापर्यंत असायचा. तीन पाळ्या: सकाळी ७ ते साडेतीन, साडेतीन ते रात्री १२, आणि १२ ते सकाळी ७. पाळी विचारली की त्या घरातलं झोपणं, जेवणं, भांडणं सगळं आपोआप बाहेर येतं.

४. माणसांशी बोला, पण संपापासून सुरू करू नका

मी बाबांना पहिला प्रश्न विचारला, "बाबा, संप का फसला?" ते म्हणाले, "झालं ते झालं," आणि टीव्ही लावला. दोन महिने मग काहीच नाही.

नंतर वेगळं विचारलं. "धागा तुटला की जोडायचात कसा?" बाबा प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते, पुढे सरकले, डावा हात असा धरला की समोर चाती फिरतेय आणि ती थांबवलीय, उजव्या हाताने हवेतूनच बाबीनवरचं टोक ओढलं, वर नेलं, आणि रोलरमधून उतरणाऱ्या कापसाला अंगठा आणि तर्जनीने एक हलका पीळ देऊन लावलं. अर्धा सेकंद. परत केलं. आणि परत. गिरणी सुटून वीस वर्षं झाली होती आणि बोटं चुकली नाहीत. मग ते स्वतःच बोलायला लागले, एका माणसाला किती चात्या बघायच्या, पावसाळ्यात सूत कसं वागायचं, कोण कोणाला मूत्रीला जायला दोन मिनिटं सांभाळून घ्यायचा, आणि त्यातूनच संपाची पहिली सकाळ आली.

म्हणून प्रश्न कामाचे विचारा:

- पहिल्यांदा गेटवर कोण घेऊन गेलं? (उत्तरात गाव, नातं, जात, जॉबर सगळं येतं)
- पहिला पगार किती, आणि गावाला किती पाठवला?
- राहायला कुठे होतात, खोलीत किती जण, कुठल्या गावचे?
- जेवण कुठे?
- सभेला कोण न्यायचं?
- संपात घर कशावर चाललं?

शेवटचा प्रश्न बाईला विचारा. नेहमी. आमची आजी खानावळ चालवायची, गावाकडून एकट्या आलेल्या गड्यांना दोन वेळ जेवण, हिशोब महिन्याला. संपात गडी गावी निघून गेले आणि तिची उधारी अंगावर राहिली, तिने पाटल्या मोडल्या. हे बाबांनी सांगितलं नाही, काकीने सांगितलं. गिरणगावात अशा हजारो बायका होत्या, १९७५ ला प्रेमा पुरवांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवायला. आणि गिरणीत काम करणाऱ्या बायकांना संघटित करणाऱ्या उषाताई डांगे, पार्वतीबाई भोर यांची नावंही पानावर लिहा, यादीत पुरुषच पुरुष राहतात.

काही बारक्या गोष्टी. साचेखात्यातल्या बऱ्याच जणांना आवाजाने कमी ऐकू येतं, चांगल्या कानाच्या बाजूला बसा. रेकॉर्डिंग करताना आधी विचारा, आणि "हे लिहू नकोस" म्हणाले तर खरंच लिहू नका. पंखा बंद करा, कुकर लावू नका. दीड तासाच्या वर बसू नका. दोन दोस्त एकत्र बसवले तर एकमेकांना आठवण करून देतात, पण आधी एकेकटे भेटा, नाहीतर जो मोठ्याने बोलतो त्याचंच खरं होतं.

५. गिरणगाव पायी फिरा

शक्यतो कोणातरी जुन्या माणसाबरोबर. लालबागला भारतमाता टॉकीजपासून निघा, परळ नाक्याला दळवी बिल्डिंग बघा, लाल बावट्याचं ऑफिस तिथे होतं, मग दामोदर हॉलची जागा, जिथे कामगार रंगभूमी वाढली, आणि कामगार मैदान, जिथे ३८ च्या संपाची सभा झाली. दुसऱ्या रविवारी पश्चिमेकडे: ना. म. जोशी मार्गाच्या बीडीडी चाळी, लोअर परळ, फिनिक्स. मॉलमध्ये जाऊन वर बघा, चिमणी दिसेल. बीडीडीचं पाडकाम आणि नवीन बांधकाम चालू आहे तेव्हा हे पुढच्या वर्षावर ढकलू नका. दादरला आंबेडकर स्मारक होतंय ती इंदू मिलची जमीन, हेही लक्षात असू द्या.

चालताना सोबतच्या माणसाला एकच विचारत राहा, "इथे गेट कुठे होतं?" गेटवर भरती व्हायची, गेटवर सभा व्हायची, पिकेटिंग गेटवर, आणि पगाराच्या दिवशी सावकारही गेटवरच.

६. आता लायब्ररी

पुस्तकं पाचव्या पायरीनंतर, मुद्दाम. आधी मराठी विश्वकोश, ऑनलाइन फुकट आहे, कामगार चळवळीवरची नोंद वाचा, सांगाडा मिळतो. मग दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, जुनी मासिकं आणि आत्मचरित्रं. कामगार पुढाऱ्यांची आत्मचरित्रं आधी घ्या, प्रबंध नंतर. आकडे हवेत तर मुंबईच्या लेबर ऑफिसने १९२१ पासून काढलेलं 'लेबर गॅझेट': मजुरी, संप, घरखर्च, कामगाराच्या घरात तांदूळ किती लागायचा इथपर्यंत. नोएडाच्या व्ही. व्ही. गिरी राष्ट्रीय श्रम संस्थेचं कामगारांविषयीचं डिजिटल दफ्तर आहे, ते घरबसल्या बघता येतं. सरकारी जुन्या फायली काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, राज्य पुराभिलेखागारात. तिथे जायच्या आधी फोन करून काय कागद लागतात आणि कुठली फाइल बघायला मिळेल ते विचारा. मी एका कचेरीत न विचारता गेले होते, अख्खी रजा वाया गेली.

शोधताना 'कामगार' टाकून काही मिळत नाही. इंग्रजांच्या काळात ते 'मिल हँड' म्हणायचे, त्या शब्दाने शोधा. आणि फाइल वाचताना ती कोणी लिहिलीय ते आधी बघा. पोलिसाच्या रिपोर्टात सभा म्हणजे जमाव असतो, मालकांच्या रिपोर्टात माणूस म्हणजे गैरहजेरीचा टक्का. फेकून देऊ नका, त्यात तारखा आणि जागा पक्क्या मिळतात, पण शेजारी तुमची वही उघडी ठेवा.

७. इथे पाय घसरतो

एकाच युनियनच्या माणसाकडून सगळं ऐकणं. लाल बावटावाले, समाजवादी, मिल मजदूर संघवाले, सामंतांचे, प्रत्येकाचा ८२ वेगळा आहे. निदान दोन बाजूंच्या माणसांना भेटा.

आकडे. कुठे ६० गिरण्या, कुठे ६५, कामगारही कमी-जास्त. कोणी मोजलं, कधी मोजलं ते आकड्याशेजारी लिहा. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या फोटोंना तारीख-जागा नसेल तर वापरू नका.

आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे संपाचा दोष कोणाच्या तरी एकाच्या डोक्यावर ठेवून मोकळं होणं. नवीन यंत्रात पैसे न घालणारे मालक, भिवंडी-इचलकरंजीकडे गेलेला पॉवरलूमचा धंदा, तो कायदा, सरकारचा हट्ट, पुढाऱ्यांचे निर्णय, जमिनीचे भाव, सगळं पानावर मांडा आणि मग बोला.

८. जमवलेलं जागेवर लावा

प्रत्येक रेकॉर्डिंगला लगेच नाव द्या: तारीख, माणूस, खातं. दोन ठिकाणी कॉपी. ऐकून महत्त्वाचं कागदावर उतरवा, बोलीत बोलले तसंच, शुद्ध करू नका. मग ते प्रिंट काढून त्या माणसाला नेऊन वाचून दाखवा. बाबांना वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी तीन चुका काढल्या आणि आणखी दोन नावं सांगितली.

मुंबईत माणसं सापडत नसतील तर गावाला सापडतील. संपानंतर कितीतरी जण रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा, जुन्नर-आंबेगावकडे परत गेले ते तिथेच राहिले, आता सत्तरी-ऐंशीच्या पुढचे आहेत. गणपतीला किंवा शिमग्याला गावी जाताय ना, तर वाडीत विचारा गिरणीत कोण कोण होतं, आणि निघायच्या आधी फोनमधली जागा रिकामी करून जा.